रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना वैद्यांचे चूर्ण: दोन्ही एकत्र चालतात का?

पारिजात:
माझ्या आईचे वय ६४ असून तिला बऱ्याच वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे. टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि लघवी वाढवणारी क्लोर्थॅलिडोन अशा दोन गोळ्या ती रोज सकाळी घेते. काही महिन्यांपूर्वी तिने एका वैद्यांकडून चूर्ण आणि काढा सुरू केला. तेव्हापासून झोप चांगली लागते, डोके शांत राहते, आणि घरच्या यंत्रावर पूर्वी १५० च्या आसपास दिसणारा वरचा आकडा आता बहुतेक वेळा ११५ ते १२० असतो. त्यामुळे ‘आता गोळी अर्धी करून पाहते’ असे ती म्हणू लागली आहे. डॉक्टर रागावतील या धास्तीने तिने त्यांना चूर्णाविषयी सांगितलेले नाही, आणि वैद्यांनाही ‘बीपीची गोळी चालू आहे’ यापलीकडे काही ठाऊक नाही. दोन्ही उपचार सोबत चालू ठेवता येतात का, आणि येत असतील तर काय जपावे? कोणत्याही एका पद्धतीची टवाळी करणारी उत्तरे कृपया नकोत. ती पुष्कळ ऐकून झाली आहेत.

रानवारा:
‘आयुर्वेद आणि आधुनिक औषध एकत्र चालते का’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, कारण शरीरात पद्धती जात नाहीत, द्रव्ये जातात. म्हणून चूर्णातील घटकांची यादी वैद्यांकडून लेखी मागून घ्या. तुमच्या वर्णनातील एक गोष्ट मला खटकली. झोप सुधारणे, डोके शांत होणे आणि रक्तदाब एवढा उतरणे हे सारे एकदम घडले असेल, तर सर्पगंधेची शक्यता तपासलीच पाहिजे.

सर्पगंधा ही काही सौम्य घरगुती वनस्पती नव्हे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तिच्या रक्तदाबावरील परिणामाविषयी लेख लिहिला, १९५२ मध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि पुढे कित्येक वर्षे ते जगभर रक्तदाबाची गोळी म्हणून वापरले गेले. म्हणजे चूर्णात सर्पगंधा असेल तर आई दोन नव्हे, तीन औषधे घेत आहेत, आणि तिसऱ्याची मात्रा कोणी मोजलेली नाही. रेसर्पिनने नाक चोंदते, नाडी मंदावते आणि काही रुग्णांमध्ये, विशेषतः मात्रा जास्त असल्यास, मन खिन्न होते. पूर्वी कधी नैराश्य येऊन गेले असेल तर ते टाळतात. उपयुक्त द्रव्य आहे, पण डोळे झाकून घेण्याचे नाही.

जुनाकंदील:
मी स्वतः आयुर्वेदाची चिकित्सा करतो. रुग्ण गोळ्यांची पाकिटे दाखवीत नाही तोवर मी रक्तदाबासाठी काहीही देत नाही, आणि ‘वनस्पतीच तर आहे, अपाय कसला’ हे वाक्य आमच्याच लोकांच्या तोंडी आले की मला संताप येतो. अपाय करण्याची शक्ती नसलेल्या द्रव्याकडून उपायाची तरी अपेक्षा का ठेवावी?

यादी मिळाली की ज्येष्ठमध आहे का ते अवश्य पाहा. काढ्यांत आणि खोकल्याच्या औषधांत ते सर्रास असते. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे मूत्रपिंडातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक निष्प्रभ करणारे एंझाइम अडते, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम मात्र लघवीवाटे जाते आणि रक्तदाब वाढतो. तुमच्या आईंच्या बाबतीत क्लोर्थॅलिडोनही पोटॅशियम घालवते, तर टेल्मिसार्टन ते राखते. या ओढाताणीत शेवटी काय उरले हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. पायात गोळे येणे, अंगात त्राण नसणे, छातीत धडधडणे यांकडे दुर्लक्ष नको. लवणभास्करासारख्या पाचक चूर्णांत तर मीठच असते, आणि आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेले मद्य असते. या दोन्ही गोष्टी रुग्णाला क्वचितच सांगितल्या जातात.

भस्मे, म्हणजे धातू-खनिजे भाजून केलेली औषधे, असतील तर ती कोठे बनवली हे विचारा. २००८ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. शिसे स्वतःच रक्तदाब वाढवते, हा त्यातला विरोधाभास.

उंबरठा:
गोळी अर्धी करण्याविषयी थोडे. ११५ हा आकडा चूर्णाने आला, गोळ्यांनी आला, की जेवणातील मीठ कमी झाल्याने आला, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. तो आकडा गोळी चालू असतानाचा आहे; गोळीची गरज संपल्याचा तो पुरावा होत नाही. शिवाय टेल्मिसार्टन काही रुग्णांना मूत्रपिंड जपण्यासाठीही दिलेले असते, तेव्हा तो हेतू विचारून घ्या. मात्रा कमी होऊच शकत नाही असे मुळीच नाही. आकडे खरोखर खाली राहिले तर डॉक्टर स्वतःच ती कमी करतील.

त्यासाठी नोंद नीट हवी. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको, बोलणे नको. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, दर वेळी मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि सात दिवस सगळे आकडे लिहावेत, केवळ मनाजोगे नव्हेत. घरी सरासरी १३५/८५ च्या खाली असणे साधारणपणे चांगले मानतात. उभे राहिल्यावरही एकदा मोजून पाहा. वयस्कर माणसांचा दाब उठताना एकदम पडतो आणि पडझड तेथेच होते.

पारिजात:
सर्वांचे आभार. आईचे नाक बरेच दिवस चोंदलेले असते आणि आम्ही ते हवामानावर ढकलले होते. यंत्रावर नाडीचा आकडाही ५६-५८ असतो. घटकांची यादी मागितली आहे. तोपर्यंत चूर्ण लगेच बंद करावे का? आणि यादी पाहून डॉक्टर भडकलेच तर?

रानवारा:
नाक आणि नाडी यांमुळे शंका बळावली, पण यादीशिवाय खात्री धरू नका. यादीची वाट पाहत बसू नका. आजच डॉक्टरांना फोन करून नाडीचा आकडा आणि चूर्णाविषयी सांगा आणि चूर्ण थांबवायचे का हे त्यांनाच विचारा. गोळ्या मात्र स्वतःहून कमी करू नका. चक्कर आली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा वरचा आकडा १०० च्या खाली गेला तर त्याच दिवशी दाखवा. रेसर्पिनचा परिणाम औषध थांबवल्यावरही बरेच दिवस रेंगाळतो, त्यामुळे चूर्ण बंद केल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांचे आकडे पाहून कोणताही निष्कर्ष काढू नका. मोजमाप पुढेही चालू ठेवा.

भडकण्याविषयी: ‘चूर्ण घेऊ का’ असे न विचारता ‘हे घेत आहे, ही यादी, ही नोंदवही, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायचे का’ असे सांगा (क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते कळते). हातात कागद असला की बोलणे बहुधा कागदावरच होते. तीच नोंदवही आणि गोळ्यांची पाकिटे वैद्यांनाही दाखवा. आणि आई अलीकडे गप्प किंवा उदास असतात का, हे त्यांना एकांतात विचारून घ्या. डॉक्टर विचारतील तेव्हा त्या ‘नाही’ म्हणण्याचीच शक्यता अधिक.