हॅम्बर्गर स्टेक : पॅटी पूर्ण भाजून घ्याव्यात की ग्रेव्हीतच शिजवाव्यात?

प्रश्न

हॅम्बर्गर स्टेक ग्रेव्हीसह करण्याच्या दोन रीती वाचनात येतात. एका रीतीत खिम्याच्या पॅटी तव्यावर पूर्ण शिजवून बाजूला काढतात आणि वाढताना वरून ग्रेव्ही घालतात. दुसरीत त्या दोन्ही बाजूंनी फक्त लालसर करून घेतात आणि पुढे ग्रेव्हीतच शिजू देतात. पहिल्या रीतीने माझ्या पॅटी कोरड्या होतात, दुसऱ्या रीतीने त्या ग्रेव्हीत फुटतात, आणि ग्रेव्हीला मैद्याचा कच्चट वास येतो तो वेगळाच. सुमारे 20 टक्के चरबीचा गोमांसाचा खिमा, एक अंडे आणि किसलेला कच्चा कांदा असे साहित्य असते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1

माझे मत दुसऱ्या रीतीच्या बाजूने आहे. मात्र पॅटी फुटण्याचे मूळ ग्रेव्हीत नसून मिश्रणात आहे. किसलेल्या कच्च्या कांद्याला पाणी सुटते आणि खिमा सैल होतो, म्हणून कांदा बारीक चिरून, परतून, पूर्ण गार झाल्यावरच मिसळावा. अर्धा किलो खिम्याला ब्रेडचा एक स्लाइस तीन-चार मोठे चमचे दुधात कुस्करून घातला, तर मांस आकसताना सुटणारा रस तो धरून ठेवतो आणि पॅटी मऊ राहते. बर्गरसाठी मीठ शेवटी वरून लावतात, कारण मीठ घालून मळलेल्या खिम्यातील प्रथिने चिकट होऊन एकमेकांना धरतात. येथे आपल्याला नेमका तोच चिकटपणा थोडासा हवा आहे. तेव्हा मीठ आधी घालावे आणि खिमा हाताला जरा चिकटू लागताच थांबावे, कारण त्यापुढे मळल्यास सॉसेजसारखा रबरीपणा येतो. पॅटी सुमारे दोन सेंटीमीटर जाडीच्या वळून, मध्यभागी अंगठ्याने किंचित दाबून, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात. तव्यावर टाकल्यावर त्यांना डिवचू नये. खालची बाजू खरपूस झाली की ती आपोआप सुटते.

प्रतिसाद 2

ग्रेव्हीविषयी लिहितो. तव्याच्या बुडाला जी तपकिरी खरवड धरते, तीच ग्रेव्हीचा जीव आहे, त्यामुळे नॉनस्टिक पॅनपेक्षा लोखंडी किंवा जाड बुडाचा स्टीलचा पॅन घ्यावा. पॅटी काढल्यावर दोन मोठे चमचे चरबी ठेवून बाकीची ओतून द्यावी आणि तिच्यात उभा चिरलेला कांदा तांबूस होईपर्यंत परतावा. मग दोन मोठे चमचे मैदा घालून मंद आचेवर दोन-तीन मिनिटे, खमंग वास येईपर्यंत, भाजावा. कच्चट वास राहतो तो ही पायरी घाईत उरकल्यामुळे. त्यानंतर सुमारे 350 मिलिलिटर स्टॉक थोडा थोडा ओतत, खरवड उलथन्याने सोडवत ढवळत राहावे. मैद्याची ग्रेव्ही उकळी आल्याशिवाय पुरती दाटत नाही, म्हणून पातळ दिसते या कारणाने आधीच आणखी मैदा घालण्याचा मोह टाळावा. वूस्टरशायर सॉस एक चमचा पुरे. मीठ मात्र अगदी शेवटी, कारण स्टॉक आटला की खारटपणा वाढतो.

प्रतिसाद 3

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, पण शिजण्याच्या खुणेबद्दल कोणीच लिहिले नाही. अखंड मांसाच्या तुकड्यावर जंतू प्रामुख्याने पृष्ठभागावर असतात, तर खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात. म्हणून पॅटीच्या मध्यभागी 71 अंश सेल्सिअस तापमान येणे आवश्यक आहे. आतला गुलाबी रंग गेला म्हणजे शिजले, हा समज भरवशाचा नाही, कारण खिमा त्याआधीही तपकिरी दिसू शकतो. थर्मामीटरचे टोक कडेने आडवे, थेट मध्यापर्यंत घालावे. लालसर केलेल्या पॅटी ग्रेव्हीत सोडल्यावर झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटे बहुधा पुरतात. खळखळ उकळू दिल्यास उत्तम वळलेली पॅटीही कडक होते. जाता जाता, ब्रेड, अंडे आणि कांदा घातलेला हा प्रकार सॅलिसबरी स्टेकच्या अगदी जवळचा आहे, आणि ते नाव ज्या जेम्स सॅलिसबरी या अमेरिकन डॉक्टरांवरून पडले, ते एकोणिसाव्या शतकात गोमांसाचा खिमा पथ्य म्हणून सुचवत असत. ग्रेव्हीचे श्रेय त्यांना देता येईल असे मला वाटत नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर चालेल का?

प्रतिसाद 2

चालेल, परंतु ते भाजायचे नाही. एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून उकळत्या स्टॉकमध्ये घालावे आणि ग्रेव्ही दाटल्यावर मिनिटभरात आच कमी करावी. ग्रेव्ही चकचकीत दिसते, मात्र भाजलेल्या मैद्याचा खमंगपणा तिला येत नाही. ती उणीव कांदा अधिक तांबूस करून भरून काढावी.