मदत हवी आहे: ऑनलाइन कोर्स तिसऱ्या आठवड्यात अडकतो, स्वभावाप्रमाणे अभ्यासाची पद्धत कशी ठरवायची?

कोरी_वही
एनपीटीईएलचा (आयआयटी वगैरे संस्थांच्या ऑनलाइन कोर्सचा सरकारी उपक्रम) बारा आठवड्यांचा संख्याशास्त्राचा कोर्स घेतला आहे. नोकरी हिंजवडीत, घर कोथरूडला. व्हिडिओ बघताना सगळं समजतं, पण असाइनमेंट उघडली की पेन हलत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून मागे पडले आहे. नेटवरच्या एका चाचणीत 'अंतर्मुख, बघून शिकणारी' असा निकाल आला, म्हणून रंगीत तक्ते काढले. उपयोग झाला नाही. ग्रुपमध्ये बसून अभ्यास मला जमत नाही. माझ्या स्वभावाला कोणती पद्धत जुळेल?

पर्वती_पायथा
त्या चाचणीचा निकाल बाजूला ठेवा. बघून शिकणारे, ऐकून शिकणारे अशी विभागणी खूप लोकप्रिय आहे, पण 2008 साली मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी त्यावरचं संशोधन तपासलं तेव्हा शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकता येतं याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. तक्ते चुकीचे नव्हते, पण ते समोर बघून उतरवले असतील तर मेंदूला काहीच काम पडलं नाही.

'समजतं पण सुटत नाही' यामागचं कारण स्वभावात नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग केला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. व्हिडिओ पुन्हा बघणं हे त्या पुन्हा वाचण्यासारखंच आहे. तेव्हा दर दहा-बारा मिनिटांनी व्हिडिओ थांबवा, कोऱ्या कागदावर सूत्र आणि ते कधी वापरायचं याचं एक वाक्य न बघता लिहा, मगच पुढे जा. सरांनी सोडवलेलं उदाहरण दिसलं की उत्तर येण्याआधी थांबवून स्वतः सोडवा. वीस मिनिटांच्या व्हिडिओला चाळीस मिनिटं लागतील, तेवढी धरूनच चाला. हे सगळ्यांना सारखंच लागू आहे.

स्वभाव लागतो तो वेळ, जागा आणि जाब यांच्यासाठी. स्वतःला तीन गोष्टी विचारा. शब्द कुणाला दिला की पाळला जातो, स्वतःला की दुसऱ्याला? उत्तर चुकेल या भीतीने सुरुवातच टळते का? रोज तेच केलं की कंटाळा येतो का?

दुसऱ्याला दिलेला शब्दच पाळला जात असेल तर ग्रुप लागतोच असं नाही, एक माणूस पुरतो. रविवारी रात्री नऊला सोडवलेल्या पानाचा फोटो त्याला पाठवायचा, बस. गप्पा नाहीत, व्हिडिओ कॉल नाही. अबोल माणसाला हे ग्रुपपेक्षा जास्त निभतं. स्वतःला दिलेला शब्द पाळता येत असेल तर वेळ एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 'अमुक झालं की तमुक करीन' अशा संकल्पांवर बरंच काम केलं आहे. 'रोज अभ्यास करीन' असं मोघम लिहू नका, 'जेवणाचं ताट उचललं की टेबलाशी बसून कालचं पहिलं गणित' असं लिहा.

भीती असेल तर पहिला प्रयत्न मुद्दाम कच्चा करा. असाइनमेंट मुदतीपर्यंत कितीही वेळा भरता येते आणि शेवटची नोंद धरतात. शनिवारी नोट्स न उघडता भरा, शंका असलेल्या प्रश्नांवर खूण करा, नंतर व्हिडिओचा तेवढाच भाग बघून पुन्हा भरा. कंटाळ्यावर उपाय म्हणजे एकाच प्रकारची दहा गणितं लागोपाठ न सोडवता जुन्या आठवड्यांची दोन-तीन मध्ये मिसळणं. कोणतं सूत्र लावायचं हे ओळखायची सवय त्यानेच लागते, परीक्षेत नेमकं तेच विचारतात.

पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी हे गणित सगळ्यांना मानवत नाही. संख्याशास्त्रात लांब उदाहरण मध्येच तुटतं. लवकर विचलित होणाऱ्यांनी पंचवीसच ठेवावीत, बाकीच्यांनी पंचेचाळीस-पन्नास.

नवी_पेठ_दुसरी_गल्ली
घरी बसवत नसेल तर सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिका बघा. पैसे भरायच्या आधी विचारा: टेबलाजवळ प्लग आहे का, लॅपटॉप चालतो का, फक्त संध्याकाळची किंवा शनिवार-रविवारची फी वेगळी आहे का. स्वतःशी बोलत सोडवायची सवय असेल तर मात्र अभ्यासिका नको. तिथे कुजबुजही चालत नाही, आणि तोंड बंद ठेवून तुमची पद्धतच मोडेल.

चौथा_तास
मागे पडलात म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून क्रमाने भरून काढायला जाऊ नका. बरेच जण इथेच कोर्स सोडतात, कारण चालू आठवडाही हातातून जातो. बारा आठवड्यांच्या कोर्सला बारापैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंटची सरासरी धरतात, तिला 25 गुण आणि केंद्रावरच्या परीक्षेला 75. प्रमाणपत्रासाठी 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30 दोन्ही लागतात. म्हणजे चार आठवडे गेले तरी कोर्स हातात राहतो. आज चालू आठवडा उघडा, अडलात तर मागचा फक्त तेवढाच भाग बघा.

कोरी_वही
तिघांचेही मनापासून आभार. शब्द दुसऱ्याला दिला तरच पाळला जातो, हे वाचताच कळलं. मावसबहिणीला विचारते. एकच शंका: कंपनीच्या बसमध्ये तास-सव्वा तास जातो. तिथे व्हिडिओ बघावेत का?

पर्वती_पायथा
पहिल्यांदा नुसते ऐकायला चालतील. आदल्या रात्री वाय-फायवर उतरवून ठेवा, वाटेत नेटवर भरवसा नको. पण ते ऐकणं अभ्यासात धरू नका, कागदावरचं काम रात्री करायचंच आहे. बसमध्ये जास्त उपयोगी म्हणजे आठवणं. घरून निघताना कालच्या भागावरचे तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, उत्तरं मागच्या बाजूला. वाकडला गाडी अडकली की एकेक प्रश्न मनात सोडवा, मगच चिठ्ठी उलटा. चुकलेला प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीवर पुन्हा, बरोबर आलेला चार दिवसांनी. येताना दमलेल्या असाल, तेव्हा काही करू नका.

मावसबहिणीला संख्याशास्त्र येत नसलं तरी चालेल. तिने फोटो आला की नाही एवढंच बघायचं.