ग्रँट वाईट राष्ट्राध्यक्ष होता, हे आपण नेमकं कुणाकडून ऐकलं?

घाटमाथा

मी सात वर्षं अमेरिकेत सेंट लुईसला राहतोय. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेविरुद्ध उत्तरेचा सेनापती असलेला आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला युलिसिस ग्रँट, त्याने इथे स्वतःच्या हातांनी बांधलेलं लाकडी घर अजून उभं आहे, भारतातून कुणी आलं की मी त्यांना तिकडे नेतो, आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच की हा तोच दारुडा अध्यक्ष ना, ज्याच्या राज्यात सगळ्यांनी खाल्लं? इथल्या लोकांनाही शाळेत तेवढंच शिकवलेलं असतं. माझं मत असं की लिंकननंतर त्या शतकात ग्रँटइतका धाडसी राष्ट्राध्यक्ष झाला नाही, आणि त्याचं नाव खराब केलं ते यादवी युद्ध हरलेल्या दक्षिणेतल्या लोकांनी. पटत नसेल तर खुशाल भांडा.

आधी माणूस बघा. १८५४ ला लष्कर सोडून इथे आला, शेती केली ती बुडाली, मग सेंट लुईसच्या रस्त्यांवर जळाऊ लाकडं विकायचा. १८५७ च्या नाताळाच्या तोंडावर सोन्याचं घड्याळ गहाण टाकलं, २२ डॉलर मिळाले. आणि अशा कडकीत १८५९ मध्ये काय करतो, तर त्याच्याकडे विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम होता त्याला कोर्टात जाऊन मुक्त करतो. विकला असता तर शेकडो डॉलर आले असते, सासरा तर गुलामांच्या जिवावरच शेती करणारा, बायको त्याच घरात वाढलेली, कुणी नावं ठेवली नसती. तरी मुक्त केला.

आता अध्यक्ष ग्रँट. १८६९ ते १८७७. काळ्या पुरुषांना मताचा हक्क देणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० ला मंजूर झाली, त्याच वर्षी न्याय खातं उभं राहिलं. दक्षिणेत तेव्हा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त टोळीचे लोक रात्री तोंडं झाकून घोड्यांवरून यायचे, मत देणाऱ्याला फटके, कुणाला फाशी, शाळा जाळायच्या. ग्रँटने १८७१ ला काँग्रेसकडून क्लॅनविरोधी कायदा करून घेतला आणि त्याच ऑक्टोबरात साउथ कॅरोलिनाच्या नऊ काउंट्यांमध्ये हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क, स्थगित करून सैन्य घातलं, शेकड्यांनी लोक धरले. तिथली क्लॅन मोडली ती मोडलीच. शांततेच्या काळात असं पाऊल उचलायला छाती लागते.

मुळारंभ

घाटमाथा, माणूस भला होता हे मान्य, पण आपण त्याच्या स्वभावाला मार्क देतोय की कारभाराला? १८६९ ला जे गूल्ड आणि जिम फिस्क या दोन सटोडियांनी बाजारातलं सोनं साठवून भाव चढवला, त्यात ग्रँटच्या सख्ख्या बहिणीचा नवरा सामील. नंतर व्हिस्की रिंग, म्हणजे दारू गाळणारे आणि कर वसूल करणारे अधिकारी मिळून सरकारचा कर खात होते, आणि त्याचा धागा थेट ग्रँटचा खाजगी सचिव बॅबकॉकपर्यंत गेला. ग्रँटने काय केलं? आधी म्हणाला एकही दोषी सुटता कामा नये, आणि बॅबकॉकवर खटला उभा राहिल्यावर स्वतः त्याच्या बाजूने साक्ष दिली. राष्ट्राध्यक्षाची साक्ष, ज्युरी काय करणार, सुटला तो. मग १८७६ ला युद्धमंत्री बेलनॅप, लष्करी ठाण्यावरच्या दुकानाच्या ठेक्यातून त्याच्या घरी पैसे पोचत होते. महाभियोग येतोय म्हटल्यावर सकाळीच धावत ग्रँटकडे, आणि ग्रँटने तिथल्या तिथे राजीनामा मंजूर करून टाकला. पुढे सिनेटमध्ये बेलनॅप सुटला तो बराचसा याच मुद्द्यावर, की आता हा पदावरच नाही.

हे सगळं हरलेल्यांनी रचलं का? नाही ना. त्याच्याच अर्थमंत्र्याने, ब्रिस्टोने, व्हिस्की रिंग उघडी पाडली.

घाटमाथा

बेलनॅपचं समर्थन मी करणार नाही, बॅबकॉकचं तर नाहीच. पण सोन्याच्या प्रकरणात सांगायचं राहिलं ते सांगतो, डाव लक्षात आल्यावर ग्रँटनेच सरकारी तिजोरीतलं ४० लाख डॉलरचं सोनं विकायला काढायला लावलं आणि २४ सप्टेंबरला भाव कोसळला. मेव्हणाही त्यात पोळला. ग्रँटने स्वतः एक पैसा खाल्ला असं त्याच्या शत्रूंनाही कधी सिद्ध करता आलं नाही. त्याचा दोष एकच, एकदा मित्र म्हटला की त्याच्यावर संशय घेणं त्याला जमायचंच नाही.

मुळारंभ

सरकार चालवणाऱ्याचा हाच दोष सगळ्यात महाग पडतो. किंमत जनतेने दिली. आणि धडा त्याने जन्मभर घेतला नाही, निवृत्तीनंतर फर्डिनंड वॉर्ड नावाच्या भामट्याला पार्टनर करून पेढी काढली, १८८४ ला ती बुडाली आणि हा कफल्लक.

पेठेतला

दोघांचं वाचतोय, पण मूळ प्रतिमा आली कुठून त्यावर कुणी बोललंच नाही. कसाई हे नाव त्याला युद्धातच मिळालं. १८६४ च्या उन्हाळ्यात व्हर्जिनियातल्या त्या मोहिमेत उत्तरेची ५० हजारांवर माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली, कोल्ड हार्बरला तर खंदकात पक्क्या बसलेल्या शत्रूवर समोरून पाठवली. शेवटच्या त्या हल्ल्याचा पस्तावा त्याने स्वतः लिहून ठेवलाय. पण त्याच ग्रँटने आदल्या वर्षी दक्षिणेचं व्हिक्सबर्ग शहर घेताना त्याच्या खालच्या अंगाला मिसिसिपी नदी ओलांडून, रसद मागे सोडून, शत्रूच्या दोन फौजांच्या मधे घुसून जे केलं ते आजही लष्करी शाळांत शिकवतात. तिथे तो कसाई नव्हता. आणि दक्षिणेचा सेनापती ली, त्याने फौजेच्या हिशोबात जास्त माणसं घालवली, तरी त्याचे पुतळे संताचे.

घाटमाथांचा मुद्दा इथे मला पटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठात डनिंग नावाचे प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी यांनी युद्धानंतरच्या काळाचा इतिहास असा लिहिला की काळ्यांना मत देणं हीच चूक होती आणि ग्रँटचं सैन्य म्हणजे जुलूम. दोन-तीन पिढ्या तीच पुस्तकं शाळेत. भ्रष्टाचार खरा होता, पण तेवढाच लक्षात ठेवायचा आणि क्लॅनचे खटले विसरायचे, ही निवड कुणीतरी केली.

रानवाटा

इथे सगळं उत्तर-दक्षिण चाललंय, पश्चिमेला काय झालं ते कोण सांगणार? ग्रँटने सुरुवात चांगली केली हे मी आधीच मान्य करते, सेनेका जमातीचा ईली पार्कर, जो ॲपोमॅटॉक्सला लीच्या शरणागतीच्या वेळी त्याच्या शेजारी होता, त्याला आदिवासी कारभाराचा आयुक्त नेमलं, त्या पदावर बसलेला पहिला आदिवासी. धोरणाचं नावही शांतता धोरण.

आणि मग ब्लॅक हिल्समध्ये सोनं सापडलं. १८६८ च्या करारात ती जमीन लकोटा आदिवासींची म्हणून सरकारने सही केलेली. नोव्हेंबर १८७५ मध्ये व्हाइट हाउसमध्ये ग्रँटने सेनापतींना बोलावून बंद दाराआड ठरवलं की घुसणाऱ्या खाणवाल्यांना सैन्याने यापुढे अडवायचं नाही, आणि जे लकोटा वेळेत एजन्सीवर, म्हणजे राखीव प्रदेशातल्या सरकारी ठाण्यावर, येणार नाहीत ते शत्रू. मुदत दिली ३१ जानेवारीची, ऐन थंडीत, बर्फातून बायकापोरं घेऊन कुठे येणार होते ते? जूनमध्ये लिटल बिगहॉर्नची लढाई झाली आणि पुढच्या वर्षी जमीन गेली. १९८० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की भरपाई द्यायला हवी, दहा कोटी डॉलरच्या वर ठरली, लकोटांनी आजवर हात लावला नाही. त्यांना जमीन हवीय.

घाटमाथा, साउथ कॅरोलिनात कायद्यासाठी सैन्य पाठवणारा माणूस इथे सरकारने केलेला करार मोडणाऱ्यांना मोकळं सोडतो. धाडसी म्हणताना हे कुठे ठेवायचं?

घाटमाथा

रानवाटाताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. पार्करची नेमणूक आणि नोव्हेंबरची ती बैठक एकाच माणसाची आहे आणि दुसरीचं समर्थन होत नाही. माझं मत मी दक्षिणेच्या प्रश्नापुरतं म्हणतो असं समजा.

शाईची दौत

दक्षिणेपुरतंच बोलायचं तर मग १८७५ चं मिसिसिपीही घ्या. गव्हर्नर एम्सने कळवलं की गोऱ्यांच्या हत्यारी टोळ्या काळ्यांना मतदानापासून रोखण्यासाठी खून पाडताहेत, सैन्य पाठवा. नाही पाठवलं. कारण ओहायोत निवडणूक होती आणि तिथल्या रिपब्लिकन, म्हणजे ग्रँटच्याच पक्षाच्या पुढाऱ्यांनी सांगितलं की सैन्य गेलं तर ओहायो हातचं जाईल. मिसिसिपीचा काळा काँग्रेसमन जॉन लिंच नंतर त्याला भेटला, आणि आपण पक्षाच्या दबावाला मान तुकवली, हे ग्रँटने त्याच्यापाशी कबूल केलं, असं लिंचनेच लिहून ठेवलंय. ओहायो मिळालं, मिसिसिपी जे गेलं ते पुढची नव्वद वर्षं गेलं.

आपल्याकडचं एक सांगते. १८७३ मध्ये, ग्रँट अध्यक्ष असताना, जोतीराव फुल्यांनी गुलामगिरी पुस्तक अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं, गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून, आणि माझ्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा म्हणून. पुण्यात बसून जोतीरावांना जी अमेरिका दिसत होती ती खरीच होती, पण त्याच वर्षी एप्रिलात, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्सला गोऱ्या टोळीने कितीतरी काळ्यांची कत्तल केली, शरण आलेल्यांनाही सोडलं नाही. खटला झाला, थोड्या जणांना शिक्षा लागली, आणि १८७६ ला सुप्रीम कोर्टाने तीही उडवली. नंतर १८७९ ला ग्रँट जगप्रवासात मुंबईला उतरला, मलबार पॉइंटला गव्हर्नरच्या बंगल्यावर राहिला. दख्खनच्या दुष्काळात माणसं मरून जेमतेम वर्ष उलटलं होतं, आणि तो गव्हर्नर कोण, तर दुष्काळी कामावरच्या मजुरांची मजुरी कापायला लावणारे रिचर्ड टेंपल. ज्याच्या देशाला पुण्याहून पुस्तक अर्पण झालं तो घाटाखाली येऊन गेला आणि गोऱ्या साहेबांच्या पंगतीत जेवून पुढे गेला, मला हे दर वेळी लागतं.

पेठेतला

मिसिसिपीचं बरोबर, पण ताई, ते एकट्या ग्रँटवर टाकू नका. १८७३ ला बँका बुडाल्या, मंदी आली, १८७४ ला प्रतिनिधीगृह विरोधी पक्षाकडे गेलं, उत्तरेचा मतदार दक्षिणेच्या बातम्यांना कंटाळला होता, सुप्रीम कोर्ट काळ्यांच्या हक्कांचे कायदे निकालांनी मोडीत काढत होतं. शेवटी शेवटी सैन्य पाठवायच्या बाजूचा तोच जवळजवळ एकटा उरला होता.

मुळारंभ

मग हे त्याने स्वतः का नाही सांगितलं? पेढी बुडाल्यावर, घशाचा कॅन्सर झालेला असताना, बायकोला पैसा मिळावा म्हणून त्याने आठवणी लिहिल्या, मार्क ट्वेनने छापल्या. २३ जुलै १८८५ ला गेला, त्याच्या काही दिवस आधी काम संपवलं. फार सुंदर गद्य आहे, मी वाचलंय. त्यात मेक्सिकोचं युद्ध अन्यायाचं होतं असं स्पष्ट लिहिलंय, यादवीतल्या चुका आहेत. पण व्हाइट हाउसची आठ वर्षं जवळजवळ नाहीतच. ना साउथ कॅरोलिना, ना मिसिसिपी.

घाटमाथा

मरणाला टेकलेला माणूस, गिळताना आग व्हायची, बोलता येईना म्हणून चिठ्ठ्या लिहायचा. लोकांना युद्ध वाचायचं होतं, त्याने युद्ध लिहिलं. बायकोला, ज्युलियाला, पुढे चार लाख डॉलरच्या वर मिळाले. त्या वेळात अजून काय लिहिणार होता?

शाईची दौत

मिसिसिपीवर दोन पानं. तेवढी तरी.