मदत हवी आहे: आजोबांची मेडल्स फ्रेम करायची आहेत (१९६५ आणि १९७१)

भुईनळा

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पासष्ट आणि एकाहत्तर, दोन्ही लढायांच्या वेळी ते नोकरीत होते. त्यांची मेडल्स इतकी वर्षं ट्रंकेत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, रुमालात गुंडाळून पडली आहेत. ती फ्रेम करून १४ जानेवारीला, म्हणजे माजी सैनिक दिनाला, त्यांच्यासमोर ठेवावीत असा बेत आहे. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

एकूण सात आहेत. डब्यात होती त्याच क्रमाने लिहितो: सैन्य सेवा मेडल (वर 'जम्मू काश्मीर' अशी पट्टी आहे), संग्राम मेडल, पश्चिमी स्टार, रक्षा मेडल १९६५, स्वातंत्र्याच्या पंचविशीचं १९७२ चं मेडल, समर सेवा स्टार १९६५ आणि ९ वर्षं सेवेचं मेडल. रिबिनी विटल्यात, दोन तर घडीवरच फाटल्यात. दोन्ही स्टार काळपट पडलेत.

आई म्हणते चिंच-मीठ लावलं की लख्ख होतील. फ्रेमवाला म्हणतो लाल मखमलीवर ग्लूने चिकटवून देतो, आयुष्यभर हलणार नाहीत. मला दोन्हीची जरा धास्ती वाटते. शिवाय कुठलं आधी, कुठलं नंतर, हेही माहीत नाही. जाणकारांनी सांगा.

जुनंपानं

धास्ती वाटली ते उत्तम झालं. चिंच नको, भांड्यांची पावडर नको, ब्रासो तर नकोच. गोल मेडल्सच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव असतं. घासत राहिलात तर आधी तेच झिजतं, आणि ते गेलं की मेडल कोणाचंही असू शकतं. स्टार तांब्याचं प्रमाण जास्त असलेल्या मिश्रधातूचे आहेत, काळपटपणा हा त्यांचा वयाचा रंग. मऊ सुती कापडाने कोरडं पुसा, बास. फक्त एक बघा, कुठे फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसते का? ती कोरड्या ब्रशने झटकून घ्या आणि ते मेडल बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. तो गंज आहे आणि ओल मिळाली की पसरतो.

ग्लूचं उत्तर एका शब्दात: नाही. उद्या काढायचं म्हटलं तर रिबन फाटेल किंवा धातूवर डाग राहील.

रेजिमेंटवाला

जय हिंद. मीही माजी सैनिक, त्यामुळे क्रमाचं माझ्यावर सोपवा. फोटोत बघताना डाव्या हाताकडून उजवीकडे असे लावा:

समर सेवा स्टार, पश्चिमी स्टार, रक्षा मेडल, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, पंचविशीचं मेडल, शेवटी ९ वर्षंवालं.

सर्वांत मानाचं मेडल छातीच्या मध्याकडे येतं, म्हणजे घालणाऱ्याच्या उजव्या हाताला. लोक इथेच गोंधळतात आणि अख्खी ओळ उलटी लावतात. लग्नाच्या हॉलमध्ये, शाळेच्या स्टेजवर अशा उलट्या ओळी कितीतरी पाहिल्यात. बोलून दाखवत नाही, पण नजर तिथेच जाते.

आता न विचारलेलं सांगतो. आजोबा हयात आहेत ना? मग मेडल्स काचेत कशाला कोंडता? आम्ही २६ जानेवारीला झेंड्याला जातो, रेजिमेंटच्या मेळाव्याला जातो, तेव्हा कोटावर मेडल्स लावतो. भिंतीवर पक्की केलीत तर ते त्या दिवशी काय लावणार? आणि सरप्राइज वगैरे राहू द्या. मेडल्स त्यांची आहेत, आधी त्यांना विचारा.

जुनंपानं

रेजिमेंटवाला, तुमचं पटतं, पण पन्नास वर्षांपूर्वीची मूळ मेडल्स दरवेळी कोटावर लावायची म्हणजे कडी झिजणार, एकमेकांवर आपटून चरे पडणार. मी म्हणेन घालायला प्रतिकृतींचा संच करा आणि मूळ मेडल्स सांभाळा.

रेजिमेंटवाला

ती घालण्यासाठीच दिली होती, साहेब. चरे पडले तर पडले. ज्याला मिळाली तो गेल्यावर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

भुईनळा

दोघांचेही आभार. आज भिंग घेऊन सगळ्या कडा वाचल्या. रक्षा, सैन्य सेवा आणि ९ वर्षंवाल्या मेडलवर नंबर आणि नाव स्पष्ट आहे, शेवटच्या दोन आकड्यांत जरा घाण बसलीय एवढंच. पण संग्राम आणि पंचविशीच्या मेडलची कड अगदी कोरी आहे आणि वजनालाही ती हलकी वाटतात. ही खोटी आहेत का? मला तर धक्काच बसला.

रेजिमेंटवाला

धक्का बसण्यासारखं काही नाही. मेडल मंजूर झालं की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदीत ते चढवणारा लेखी आदेश, निघते, पण प्रत्यक्ष मेडल हातात पडायला वर्षं लागतात. तोवर परेडला उघड्या छातीने कोण उभं राहणार? मग जवान बाजारातून तसंच दिसणारं विकत घेतो आणि लावतो. कोरी कड म्हणजे बहुतेक ते. हक्क खराच असतो, वस्तू तेवढी दुकानातली. लाखो मेडल्सचा अनुशेष होता, आजोबा एकटे नाहीत.

त्यांच्या डिस्चार्ज बुकात मेडल्सची नोंद असेल, ती बघा. तिथे ही दोन्ही असतील तर बेळगावला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. नंबर, हुद्दा, युनिट आणि डिस्चार्ज बुकाची प्रत जोडा. अर्ज कसा लिहायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतील. अर्जावर सही आजोबांचीच हवी. बघा, परत विचारण्यावरच येतंय.

काचवाला

फ्रेमचं काम करतो म्हणून लिहितो. साधी फोटो फ्रेम चालणार नाही, खोल पेटीवाली घ्या. काच मेडलला टेकता कामा नये. टेकली की पावसाळ्यात आतून दव धरतं आणि रिबिनीवर बुरशी येते. माउंट बोर्ड, म्हणजे मागचा जाड पुठ्ठा, आम्लविरहित मागा. बोर्डावर लोकरी फेल्ट लावू नका, त्यातल्या गंधकाने धातू काळा पडतो. सुती किंवा लिननचं धुतलेलं कापड ताणून लावा. पीव्हीसीचे पाकीट, फोमची टेप, रबर यातलं काही आत नको, काही वर्षांत आम्ल सोडतात किंवा चिकट होतात.

चिकटवायचं काहीच नाही. मेडल्स पितळी बारवर, म्हणजे ती ओळीने अडकवायच्या पट्टीवर, चढवून घ्या आणि बोर्डाला दोऱ्याचे दोन छोटे फास शिवून बार त्यात अडकवा. पेटीला मागून नाही, पुढून बिजागरी करा. २५ तारखेला दार उघडायचं, बार काढायचा, कोटाला लावायचा. म्हणजे वरच्या दोन साहेबांचं भांडणही मिटलं.

बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ओल येते. उन्हाची तिरीप येते तिथेही नको.

जुनंपानं

पुढून बिजागरी ही सूचना झकास. उजेडाबद्दल थोडी भर: संग्रहालयात कापडावर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात, म्हणजे घरच्या मानाने अंधारच. तेव्हा आतल्या पॅसेजची भिंत चांगली. नवी रिबन ३२ मिलिमीटर रुंदीची मागा. जुन्या रिबिनी टाकू नका, कागदी पाकिटात घालून कुठली कुठल्या मेडलची ते वर पेन्सिलीने लिहून ठेवा.

आणि फ्रेमच्या मागे एक कागद लावा: नंबर, युनिट, भरती आणि निवृत्तीची तारीख, कुठे कुठे होते. जुन्या बाजारात माझ्यासमोर नाव पुसलेली मेडल्स किलोच्या भावात येतात. कुणाची, कुठली, कोणालाच सांगता येत नाही.

भुईनळा

काल शेवटी आजोबांना विचारलं. आधी म्हणाले, "मी गेल्यावर लावा भिंतीवर, आत्ता काय घाई आहे." मग कोऱ्या कडेचं सांगितलं तर हसले. ती दोन्ही कँटीनजवळच्या दुकानातून घेतलेली, हे त्यांना पक्कं आठवतं. डिस्चार्ज बुक शोधायला उठलो तर त्यांनी स्वतःचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला, बुकात बघितला तर बरोबर तोच. अर्जावर सही झाली आहे. कोट मात्र घट्ट होतोय, शिंप्याकडे टाकलाय.

पुढून उघडणारी पेटी त्यांना चालेल म्हणाले. काचवाला, सातही मेडल्स शेजारी-शेजारी बसतील का? बारची लांबी किती सांगू?

रेजिमेंटवाला

मी सांगतो. ३२ चे सात म्हणजे २२४ मिलिमीटर, एवढी पट्टी कोटावर खांद्यापर्यंत जाते. एकावर एक थोडी सरकवून घ्या, पहिला स्टार पूर्ण दिसला पाहिजे, बाकीची त्याच्याखाली दबत जातील. नेमकी लांबी आजोबांच्या कोटावर खिशाच्या वर मोजून मगच ठरवा. आणि त्यांना माझा जय हिंद सांगा.

काचवाला

पेटीची आतली खोली ४ सेंटिमीटर ठेवा, बार आणि मेडल मिळून एवढी जागा पुरते. अर्ज केलेली दोन मेडल्स आली की कोरी काढून तीच बारवर चढवायची, म्हणून बार स्क्रूचा घ्या, रिव्हेटचा नको.