पावसाळ्यात दस्ता रंगवायची घाई नको

दादा, एअर रायफलच्या लाकडी दस्त्यावर घरीच कॅमोफ्लाज (झाडीत मिसळून जाणारी रंगीत नक्षी) करायचंय आणि लगेच या आठवड्यात, असं तुम्ही म्हणता. माझी कळकळीची विनंती, दिवाळीपर्यंत थांबा. फोंड्यात ऐन जुलैत मी तोच उद्योग केला होता. वरचा क्लिअर कोट, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, मारला आणि अर्ध्या तासात सगळ्यावर दुधासारखा पांढरट थर! हवेतला दमटपणा ओल्या रंगावर बसतो, त्याने हे होतं. सगळं घासून पुन्हा सुरुवात करावी लागली.

स्क्रू काढून दस्ता आधी वेगळा करा. हात आणि गाल टेकतो तिथे घामातेलाचा थर असतो, तो टर्पेंटाइनने पुसा. मग २२० आणि शेवटी ३२० नंबरचा पॉलिशपेपर, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. त्यावर प्रायमर.

स्प्रेचा रंग मॅटच, म्हणजे न चमकणारा, घ्या. मी आधी फिकट मातकट रंग सगळीकडे मारला. तो पूर्ण वाळल्यावर मिरामारच्या किनाऱ्यावरून आणलेल्या सुरूच्या काड्या आणि नेच्याचं पान दस्त्यावर ठेवून वरून हिरवा, मग चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) तांबूस तपकिरी फवारला. स्प्रेचा डबा २५-३० सेंमी लांब धरून हलकेच फवारा. पान उचललं की खालची नक्षी इतकी नाजूक उमटते की मास्किंग टेपने तशी कधीच येत नाही. पान मात्र सुकंच हवं, ओलं असलं तर रंग ओघळतो.

नळी, ट्रिगर आणि नंबर कोरलेली जागा यांना रंग अजिबात लागू देऊ नका.