काम येतं, पण दर सांगताना आवाज बसतो

नवा ठेकेदार
अकरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली रंगकाम केलं, चार महिन्यांपासून स्वतःची कामं घेतोय. भिंतीपुढे मला कसलीच भीती नाही. घरमालकापुढे आकडा सांगायची वेळ आली की मात्र घसा कोरडा पडतो. परवा एका ताईंना दर सांगितला. त्या कागदाकडे बघत गप्प बसल्या आणि त्या काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "थोडं कमी करू." त्यांनी मागितलंही नव्हतं! काम मिळालं, पण पुट्टीचा दुसरा हात माझ्या खिशातून गेला. हे बोलणं कसं जमवायचं?

जुना रंगारी
अरे, भिंत बघताना तू मनात जे म्हणतोस, ते मोठ्याने म्हण. मी गेल्या गेल्या दर सांगतच नाही. आधी तळवा भिंतीवर घासतो. जुन्या डिस्टेंपरची पांढरी भुकटी हाताला लागली की तो हात मालकाला दाखवतो: "यावर थेट रंग मारला तर पोपडे धरून निघेल. आधी खरवडायचं, मग प्रायमर." खिडकीखाली खार फुटला असेल तर ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय तिथे ब्रश लावणार नाही, असं स्पष्ट सांगतो. गिलावा नवा असेल तर निदान 28 दिवस थांबायला लावतो, मग काम पुढे गेलं तरी चालेल.

मग टेप काढतो. 12 बाय 10 ची खोली, उंची 10 फूट: चार भिंती 440 चौरस फूट, छत 120. दारं-खिडक्या वजा. हे सगळं त्यांच्यासमोर कागदावर मांडतो, म्हणजे आकडा कुठून आला ते त्यांनाही दिसतं. आकडा सांगून झाला की टेप गुंडाळायला घेतो आणि गुंडाळून होईपर्यंत तोंड उघडत नाही.

"जास्त होतंय" म्हणाले तर दर तोच ठेवायचा, काम कमी करायचं. एखादी खोली नंतर करू म्हण. प्रायमर मात्र कधीच गाळू नकोस.

एक घरमालकीण
दादा, आम्ही गप्प बसतो तेव्हा महिन्याच्या खर्चाचा मेळ घालत असतो. तुम्ही न मागता कमी केलंत की उलट शंका येते, आता एक हात कमी मारतील का? मी ज्यांना काम दिलं ते सगळ्यात स्वस्त नव्हते. कपाटं कोण सरकवणार, फरशी कशाने झाकणार, संध्याकाळी झाडून कोण जाणार, हे त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं होतं.

रंगकाम करणारी
किती हात, कोणती शेड, आणि दरात काय धरलेलं नाही, हे लेखी द्या.

नवा ठेकेदार
काका, आज एका घरी तळवा घासून दाखवला. आकडा सांगितला, टेप गुंडाळली, गप्प बसलो. फार जड गेलं. "घरात विचारून सांगतो" म्हणाले. मी काही कमी केलं नाही. आता आठवलं, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा तेलकट चिकटा धुऊन काढायचं लिहायला विसरलो. उद्या कळवू का?

जुना रंगारी
आत्ताच कळव. त्यांचा होकार आल्यावर सांगितलंस तर वाढीव लावल्यासारखं वाटेल.