सांगलीचं वालचंद की बिट्स गोवा? फरक अठ्ठावीस लाखांचा

कृष्णाकाठ
मिरजेहून लिहितोय. मोठी लेक यंदा बारावी झाली. बिटसॅट या बिट्सच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेतल्या गुणांवर बिट्स पिलानी या खाजगी संस्थेच्या गोवा कॅम्पसला इलेक्ट्रॉनिक्स अँड इन्स्ट्रुमेंटेशन मिळतंय. इकडे सीईटीचं पर्सेंटाइल बघता सांगलीच्या वालचंदला कॉम्प्युटर मिळेल असं सगळे म्हणतात. कॅपची, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीची यादी अजून लागायची आहे आणि बिट्सची फी त्याआधी भरायची आहे. गोची तिथेच आहे.

पैशाचं सांगतो. मी सहकारी बँकेत आहे, वय ५१. मंडळी घरी शिवणक्लास घेतात. उत्पन्न आठ लाखांच्या आत, आम्ही ओबीसी. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकारने २०२४-२५ पासून माफ केलंय, त्यात आम्ही बसतो. म्हणजे वालचंदला उरलेली किरकोळ फी, बसचा पास, पुस्तकं, लॅपटॉप धरून चार वर्षांत दोन लाखांच्या वर जात नाही. डबा घरचा. बिट्सला ही माफी नाही. फी, होस्टेल, मेस, येणंजाणं धरून माझा हिशोब तीस लाखांवर जातो. ठेवी मोडून आणि थोडं सोनं विकून दहा लाख उभे राहतील, वीस लाख कर्ज काढावं लागेल. धाकटा नववीत आहे.

लेक तोंडाने काही बोलत नाही. पण बिट्सच्या पत्राची प्रिंट दोनदा काढून आणली तिने. स्पष्ट मत द्या.

वालचंदी
यात विचार करण्यासारखं काय आहे तेच कळेना. आमचं कॉलेज १९४७ चं, म्हणजे स्वतंत्र भारताच्या वयाचं. विश्रामबागेतून, म्हणजे आमच्या कॉलेजातून निघालेली पोरं पुण्यात प्रत्येक मोठ्या कंपनीत सापडतील, आणि एकमेकांना ओळख देतात. कॉम्प्युटर शाखा हातात असताना इन्स्ट्रुमेंटेशनसाठी तीस लाख? उद्या तीही तिथे कोडिंगच्याच मुलाखती देणार. मग कोडिंग फुकटात शिकलेलं काय वाईट?

आणि नावच हवं असेल तर ते नंतरही लावता येतं. इथून बी.टेक. करायचं, गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा द्यायची, आयआयटीत एम.टेक. करायचं. तिथे महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. मी तेच केलं. आज मला कुणी विचारत नाही की पहिली पदवी कुठली. शेवटचा शिक्का तेवढा बघतात.

झुआरीनगर०८
मी २००८ ला गोव्याला लागलो, लातूर जिल्ह्यातून. वालचंदीसाहेबांच्या कॉलेजबद्दल आदर आहे, पण काही गोष्टी बाहेरून दिसत नाहीत.

बिट्सला हजेरीची सक्ती नाही. ऐकायला गंमत वाटते, पण अठराव्या वर्षी पहिल्यांदा कुणी तुम्हाला म्हणतं की तास करायचा की नाही ते तू ठरव. पहिल्या सेमिस्टरला मी तोंडावर आपटलो. मग शिकलो. दुसरं म्हणजे प्रॅक्टिस स्कूल. दुसऱ्या वर्षानंतर दोन महिने आणि शेवटी साडेपाच महिने कंपनीत काम, त्याचे क्रेडिट मिळतात. माझी पहिली नोकरी त्या साडेपाच महिन्यांतूनच आली. तिसरं, इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा सॉफ्टवेअरच्या कंपनीला बसू शकतो आणि बसतात. शाखेवरून एवढं अडत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट शेजारच्या खोलीतली मुलं. माझ्या विंगमधल्या दोघांनी तिसऱ्या वर्षी स्वतःची कंपनी काढायचा घाट घातला. ती बुडाली, पण मला तोवर माहीतच नव्हतं की आपल्यासारखी माणसं असलं काही करतात. लातूरला आमच्या ओळखीत सगळ्यात मोठा माणूस म्हणजे तहसीलदार.

गेटचं म्हणाल तर, ती वाट खरी आहे. पण तिच्यावरून किती जण पोचतात तेही सांगा की.

हिशोबनीस
दोघांचंही वाचलं. आता कागद काढू या. मी कर्ज विभागात वीस वर्षं काढली आहेत.

वीस लाख, म्हणजे दर वर्षाच्या सुरुवातीला पाच लाख. दर १० टक्के धरा. अभ्यासक्रमाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढत राहतं, सरळव्याजाने. पहिल्या पाच लाखांवर पाच वर्षं, पुढच्यांवर चार, तीन, दोन. म्हणजे सात लाख. परतफेड सुरू होईल तेव्हा २७ लाख. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साधारण ३५,७०० रुपये, एकूण भरणा पावणे त्रेचाळीस लाखांच्या आसपास. व्याज शिक्षण चालू असतानाच भरत गेलात तर मुद्दल वीसच राहील आणि हप्ता २६,४०० वर येईल.

चांगली बाजू: बिट्सचं नाव ऐकून बऱ्याच बँका घर तारण मागत नाहीत. ब्रँडचा पहिला फायदा होतो तो बँकेच्या काउंटरवर. शिवाय पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंत व्याजात तीन टक्के सवलत आहे. लाभार्थींची संख्या मर्यादित आहे, त्यामुळे मिळेलच असं धरून चालू नका.

वाईट बाजू: सहकर्जदार म्हणून सही तुमची. दहा वर्षांचा शेवटचा हप्ता जाईल तेव्हा तुमचं वय ६६. सहकारी बँकेत पेन्शन किती असतं ते तुम्ही मला सांगायला नको. आणि तेव्हा धाकट्याचंही कर्ज चालू असेल.

माझं मत विचाराल तर, नको.

टेकडीवरून
याच विषयावर अमेरिकेत एक गाजलेला अभ्यास आहे, म्हणून सांगतो. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९७६ साली कॉलेजात गेलेल्या मुलांची पुढची कमाई तपासली. नामांकित कॉलेजात शिकलेले जास्त कमावतात हे उघडच होतं. त्यांनी वेगळी तुलना केली: ज्यांना नामांकित ठिकाणी प्रवेश मिळत होता, तरी जे कमी नावाजलेल्या ठिकाणी गेले, त्यांचं काय झालं? कमाईत जवळपास फरक नाही. म्हणजे कॉलेज हुशार मुलं निवडतं, आणि श्रेय स्वतःकडे घेतं.

वालचंदी
घ्या! अमेरिकेतून सर्टिफिकेट आलं.

टेकडीवरून
थांबा, अर्धंच वाचलंत. त्याच अभ्यासात एक अपवाद आहे. गरीब घरातल्या मुलांना नामांकित कॉलेजचा फायदा झालेला दिसतो. पुढच्या अभ्यासात ज्यांचे आईवडील कमी शिकलेले आहेत त्यांनाही. कारण ओळखी, माहिती, धीटपणा हे श्रीमंताच्या मुलाला घरातून मिळतं, बाकीच्यांना ते कॉलेजातूनच मिळवावं लागतं. लातूरच्या तहसीलदाराची गोष्ट वाचली ना वर?

फक्त तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या कॉलेजांची यादी करूनच कॅम्पसला निघतात. त्या यादीत नसलेल्या कॉलेजातली मुलगी कितीही हुशार असो, तिची पहिली मुलाखतच होत नाही.

गप्पिष्ट
आमच्या भाच्याने एका खाजगी विद्यापीठात सोळा लाख घातले, नाव घेत नाही. महामार्गावर दर दोन किलोमीटरला त्यांचं होर्डिंग. कॅम्पसला आलेल्या कंपनीने वर्षाला साडेतीन लाख देऊ केले. तीच कंपनी त्याच पगारावर आमच्या गावच्या कॉलेजलाही आली होती.

बिट्स त्यातलं नाही हे मान्य. पण धागा वाचणाऱ्या बाकीच्या आईबापांनो, महाग म्हणजे नामांकित नव्हे. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय ही इंजिनियरिंग कॉलेजांची नावं फीवर मोठी झालेली नाहीत.

अबोली
मी एवढा वेळ गप्प होते. आता राहवत नाही.

धागाकर्त्या दादांनी लिहिलंय "थोडं सोनं विकून". कुणाचं सोनं? बहुतेक मुलीच्याच लग्नासाठी ठेवलेलं. ते गोव्याच्या फीला गेलं तर "खर्च", आणि कार्यालयात स्टेजवर गेलं तर "कर्तव्य". आणि हप्त्याचा कागद मांडताना धाकट्याचं कर्ज आधीच गृहीत. तो नववीत आहे हो! त्याचं काही ठरायच्या आत त्याची जागा राखीव झाली.

दादा, रागावू नका, एकच विचारते. हेच पत्र मुलाला आलं असतं तर तुम्ही इथे धागा काढला असता की बँकेत अर्ज आणायला गेला असता?

मुलींची फी माफ झाली ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्या मामेबहिणी त्यामुळे शिकताहेत. पण आमच्या नात्यात तिचा एक वेगळाच उपयोग होताना बघतेय: "जवळच फुकट मिळतंय, मग लांब कशाला?" मी स्वतः घरून डबा घेऊन जाऊन इंजिनियर झाले. सातच्या आत घरात. एकाही हॅकेथॉनला रात्री थांबता आलं नाही, प्रोजेक्टचा ग्रुप मुलांनी होस्टेलवर बसून पुरा केला आणि मी फोनवर. डिग्री मिळाली, होस्टेल मात्र राहूनच गेलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी बंगळूरला जायची वेळ आली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि एकटीने रेल्वेचं तिकीट काढलेलं नव्हतं.

त्या दोन प्रिंट कशाच्या आहेत ते तिला विचारा. बिट्सच्या की घराबाहेरच्या?

हिशोबनीस
अबोलीताई, मुद्दा बिनतोड आहे. पण भावनेने हप्ता कमी होत नाही. ३५,७०० चा हप्ता असलेली मुलगी मोकळी होते की जास्त अडकते? पहिली नोकरी आवडली नाही तर सोडता येणार नाही. कॅम्पसला मंदीचं वर्ष आलं तर? २०२३-२४ ला भल्याभल्या कॉलेजांत मुलं नोकरीविना बसली होती.

अबोली
मान्य. पण घरात राहण्याचीही किंमत असते, तुमच्या कागदावर तिचा रकाना नाही, एवढंच.

झुआरीनगर०८
मीच उलटं बोलतो आता. माझ्या वेळी आमची फी आजच्या मानाने फारच कमी होती. बाबांनी शेताचा एक तुकडा विकून भागवलं. आज तीस लाखांचा आकडा बघून मी स्वतः माझ्या पोराला पाठवेन का, हे मला छातीठोक सांगता येत नाही. बिट्सला गुण आणि गरज दोन्ही बघून शिष्यवृत्त्या मिळतात, त्यांची चौकशी जरूर करा. पण मिळेलच असं धरून हिशोब मांडू नका.

गप्पिष्ट
अहो, तुम्ही सगळे सांगली आणि झुआरीनगर, म्हणजे बिट्सचा गोवा कॅम्पस, यांच्यामध्येच अडकलात. मधे पुणे नावाचं गाव आहे. ज्या मुलीला वालचंदचं कॉम्प्युटर मिळू शकतं तिला सीओईपीचं इन्स्ट्रुमेंटेशन किंवा मॅन्युफॅक्चरिंग मिळण्याची आशा ठेवायला काय हरकत आहे? २०२२ पासून ते विद्यापीठ झालंय, पण सरकारीच, त्यामुळे फीमाफी तिथेही. १८५४ चं कॉलेज आहे, कंपन्यांच्या यादीत वरच असतं. होस्टेलवर राहील, नाव मिळेल, कर्जही नाही.

वालचंदी
कॉम्प्युटर सोडून मॅन्युफॅक्चरिंग? नावासाठी शाखा सोडायला सांगू नका हो पोरीला. चार वर्षं विषय तिला वाचायचा आहे, तुम्हाला नाही.

टेकडीवरून
पण गोव्यालाही इन्स्ट्रुमेंटेशनच मिळतंय ना? तो विषय तिला चालत असेल तर पुण्याला चालायला काय झालं. तो बिलकूल नको असेल तर मग गोवाही बाद आणि सरळ वालचंद. हे तिलाच विचारावं लागेल. एवढ्या प्रतिसादांत तिचं एक वाक्य नाही.

कृष्णाकाठ
काल रात्री सगळा धागा लेकीला वाचून दाखवला. अबोलीताईंच्या प्रतिसादाला मी जरा थांबलो, तेव्हा तिनेच मोबाईल हातातून घेऊन पुढचं मोठ्याने वाचलं.

खरं सांगतो ताई, मुलगा असता तर धागा काढला नसता. धाकट्याच्या नावची पॉलिसी शिक्षणाची आहे, हिच्या नावची लग्नाची. एजंटाने विचारलं होतं तेव्हा मीच तसं लिहून दिलं. त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, काल वाटलं. मंडळी म्हणाल्या, सोनं माझं आहे, मी देते.

लेकीने हिशोबनीसांचा हिशोब वहीत उतरवून घेतला. पंधरा वर्षांची मुदत धरली तर हप्ता २९,००० येतो, हे तिने मलाच सांगितलं. मग म्हणाली, विषय मला तोच आवडतो, कॉम्प्युटर सगळे घेतात म्हणून मी फॉर्ममध्ये घातलं होतं. आणि प्रिंटचं विचारलं तर हसली. एक आईसाठी होती म्हणे, मैत्रिणींना दाखवायला.

बिट्सचे पैसे भरायची मुदत गुरुवारपर्यंत आहे. सीओईपी इन्स्ट्रुमेंटेशन वर, मग व्हीजेटीआय, मग वालचंद कॉम्प्युटर असा पसंतीक्रम तिने लिहून ठेवलाय. पण गुरुवारपर्यंत तिच्या हातात त्यातलं एकही पक्कं नसेल, आणि ते पत्र तिने अजून फ्रिजवर लावून ठेवलंय. मंडळींचं म्हणणं, भरून टाका, पुढचं पुढे. बिट्समधून नंतर प्रवेश काढून घेतला तर पैसे किती कापून परत येतात, कुणाला यंदाचा अनुभव आहे का? आणि सीओईपीच्या मुलींच्या होस्टेलला पहिल्या वर्षी बाहेरगावच्यांना जागा मिळते का?

गप्पिष्ट
परताव्याचं बिट्सच्या प्रवेश कार्यालयाला मेल करून लेखी उत्तर घ्या, इथल्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. होस्टेल नाही मिळालं तर शिवाजीनगरला मुलींसाठी कॉट बेसिसवर खोल्या असतात. मात्र यादी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी या, चौथ्या दिवशी काही उरत नाही.